साचेवाल्याचा धाकटा भाऊ

माझ्या बाबांनी गिरणीचा संप फोडला तो एका रविवारी दुपारी, लालबागच्या आमच्या खोलीत, पोह्यांची बशी मांडीवर ठेवून. खऱ्या संपात ते शेवटपर्यंत बाहेर राहिले होते. त्याबद्दल गिरणीने त्यांना परत घेतलं नाही, आणि पुढची सगळी वर्षं त्यांनी परळच्या एका हॉस्पिटलात लिफ्ट वरखाली केली. रविवारचा संप खेळातला होता. मला आलेला राग मात्र खराच होता.

खेळ आधी सांगायला हवा. टेबलाभोवती, आमच्याकडे चटईभोवती, तिघंचौघं बसतात. एकजण गोष्ट चालवतो. तुम्ही कुठे आहात, समोर काय आहे, कोण काय म्हणालं, हे तो सांगतो. बाकीचे एकेक माणूस घेतात आणि तो माणूस काय करतो ते बोलतात. केलेलं जमलं की फसलं हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. साधारणपणे यात तलवारी आणि जादूगार असतात. लोक वर्षानुवर्षं तेच खेळतात आणि त्यांना कंटाळा येत नाही.

गोष्ट चालवणारा आमचा मित्र गिरगावचा. त्याचं घराणं मुंबईत किती पिढ्या आहे हे त्याच्या आईला तोंडपाठ आहे. आजोबा एका गिरणीच्या कचेरीत हेडक्लार्क, वडील वकील, आणि तो स्वतः परळला गिरणीच्या जमिनीवर उभ्या राहिलेल्या काचेच्या टॉवरात संगणकावर काम करायचा. दुसरी मैत्रीण वरळी कोळीवाड्यातली. तिची आई दादरच्या बाजारात मासे विकायची, ही बँकेत होती आणि दोघींचा आवाज सारखाच होता. तिसरी मी. मी गिरणी कामगारांच्या घरांसाठी चाललेल्या आंदोलनात होते आणि पत्रकं लिहायचे. कॉलेज सुटल्यापासून माझ्या हातून उतरलेलं प्रत्येक वाक्य कोणाच्या तरी विरोधात असे.

ड्रॅगन मारून मारून मी वैतागले होते. ज्या शहरात गिरण्याच्या गिरण्या गिळल्या गेल्या तिथे गिळणारा प्राणी बाहेरून कशाला आणायचा, असं मी एकदा म्हटलं. गिरगावकराने ते मनावर घेतलं.

"ठीक आहे. संप खेळू. गिरणगाव, संपाचे दिवस. पण प्रत्येकाने पूर्वकथा नीट लिहून आणायची."

पूर्वकथा म्हणजे आपण घेतलेल्या माणसाचं आधीचं आयुष्य. तो कुठून आला, त्याला काय हवंय, कशाची भीती वाटते, त्याच्यात खोट काय आहे, आणि असा एक कोणीतरी ज्याच्यासाठी तो दिलेला शब्द मोडेल. एवढं असलं की माणूस चालायला लागतो, असं गिरगावकराचं म्हणणं.

मी दोन पानं लिहून नेली. माझा माणूस साचेवाला होता. साचा म्हणजे माग; आमच्या भागात विणकराला साचेवाला म्हणतात. गिरगावकराने ती पानं मोठ्याने वाचली. 'शोषणाच्या चरकात पिढ्यान्‌पिढ्या पिळून निघालेला, तरीही ताठ मानेने उभा असलेला' असं ते सुरू होत होतं. वाचता वाचता तो खाली पोचला आणि थांबला.

"शेवटी मागण्या आहेत?"

होत्या. तीन. सवयीने लिहून झाल्या होत्या.

"खाली मुद्रक-प्रकाशक पण टाक," कोळीवाड्याची म्हणाली.

"याच्यात खोट काय आहे?" गिरगावकराने विचारलं.

"खोट नाहीये."

"मग तो मेलाय," ती म्हणाली. "आमच्याकडे मेल्यावरच माणसात खोट उरत नाही. परवाच एकाचं बारावं झालं, काय तो गुणी होता म्हणे. जिवंत होता तेव्हा दुसऱ्याची जाळी पळवायचा."

तिने स्वतःची पूर्वकथा आठ ओळींत आणली होती. एक कोळीण, चाळीचाळीतून टोपली फिरवणारी, संपाशी काही घेणंदेणं नाही, गिऱ्हाईक हवंय, भीती फक्त सासूची. ऐकताना मला ती बाई दिसली, आणि ती दिसली याचाच मला राग आला.

"तुझे आजोबा गिरणीच्या पंख्याखाली बसून लोकांच्या हजेऱ्या कापत होते," मी गिरगावकराला म्हटलं. "तू मला माणसातली खोट शिकवू नकोस."

"कापत होते," तो म्हणाला. "म्हणून गोष्टीत एक हेडक्लार्क ठेवलाय. त्याची खोट मी लिहिलीय, वाचून दाखवू? तू तुझ्या माणसाची आण."

त्याला चिडवता येत नसे. वादात हा फार मोठा दुर्गुण आहे.

पहिल्या बैठका गिरगावला झाल्या. मग त्याच्या घरी रंगकाम निघालं आणि खेळ आमच्या खोलीत आला. त्याआधीच्या आठवड्यात मी ती दोन पानं पुन्हा लिहायला बसले होते. बाबा माझी पत्रकं वाचत. वाचून झालं की घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवत, बरंवाईट काही बोलत नसत. ही पानंही त्यांनी वाचली, पण घडी घातली नाही.

"हा झोपतो कुठे?"

"कोण?"

"हा तुझा. ताठ मानेचा. झोपतो कुठे, कोणाच्या शेजारी?"

मी त्याला झोपवलंच नव्हतं. तो रात्रंदिवस उभा होता.

"याला एक धाकटा भाऊ दे," बाबा म्हणाले आणि मोरीत हात धुवायला गेले.

आई पोळ्या लाटत होती. तिचं लाटणं थांबलं. तिने माझ्याकडे पाहिलं, मोरीकडे पाहिलं, आणि पुन्हा लाटायला लागली. आमच्या घरात 'भाऊ' हा शब्द वापरात नव्हता.

बाबांना धाकटा भाऊ आहे. माझा जन्म संपानंतरचा, त्यामुळे त्या दोघांचं मला जे माहीत होतं ते आईकडून. दोघं एकाच गिरणीत, एकाच साचाखात्यात. समोरासमोरचे साचे. तिथे इतका आवाज की शेजारच्याचं बोलणं कानात पोचत नाही, म्हणून सगळे ओठ हलवून आणि हातवारे करून बोलत. आई सांगते, लग्नानंतर सुरुवातीला बाबा घरीही आवाज न लावताच बोलायचे आणि तिने उत्तर दिलं नाही की रुसायचे. दोघे भाऊ याच खोलीत राहत. संप लांबत गेला, आणि एक दिवस काका आत गेले. 'आत जाणं' एवढंच म्हणत, कशाच्या आत ते कोणाला सांगावं लागत नसे. आत जाणाऱ्यांना गिरणी आतच ठेवून घेई, जेवण आत, झोपणं आत. काही दिवसांनी काका कपडे न्यायला घरी आले तेव्हा त्यांची वळकटी दाराबाहेर गॅलरीत ठेवलेली होती. ती बाबांनी ठेवली होती. काकांनी ती उचलली आणि जिना उतरले. पुढे ते वसईकडे राहायला गेले.

भांडण तिथे संपलं असतं, पण गावी आमचा गणपती एक आहे. मालवणाकडे घर एक, गणपतीचा पाट एक, त्याची वाटणी होत नाही. दोघं दरवर्षी येत, एकाच पडवीत खांबाच्या दोन बाजूंना बसत आणि एकमेकांशी बोलत नसत. मधे मी.

"काकांना सांग, समईत तेल कमी आहे."

काका दोन हातांवर बसलेले असत.

"सांग, घालतो."

मी दोन्ही निरोप पुरते म्हणायचे. अर्धवट म्हटले तर कोणी जागचं हलत नसे. एकदा मी कंटाळून "ऐकलंत ना तुम्ही?" असं म्हटलं तर बाबांनी मला दटावलं आणि काकांनीही. त्या दिवशी त्यांचं एकमत झालं होतं. दुसऱ्याचे शब्द आपल्या तोंडाने बोलायचे, हे मी असं फार लवकर शिकले. पत्रकं लिहिणं त्यामानाने सोपं गेलं.

आणि मी काकांच्या विरोधात होते. त्यात विचार करण्यासारखं काही आहे असं मला वाटलं नव्हतं. पोटाला चिमटा काढून माणसं बाहेर उभी होती आणि हे आत गेले. अशा माणसाला जुन्या संपावरच्या आमच्या पत्रकात एकच शब्द होता, आणि तो मी ठळक छापून घेतला होता. पूर्वकथेत मी तोच लिहिला. 'धाकटा भाऊ: फितूर.'

रविवारी गिरगावकराने ते वाचलं. "हे बरं झालं. आता याची खोट काय?"

"भाऊ," मी म्हटलं.

"भाऊ ही खोट नसते," कॉटवरून बाबा म्हणाले.

मित्रमंडळी त्यांना बाबाच म्हणत. "मग काय असते, बाबा?" कोळीवाड्याच्या मैत्रिणीने विचारलं.

"शेजार असतो. याला रात्री झोप येत नाही, कारण भावाचा पाय लागतो. भाऊ नसला की मग अजिबात येत नाही."

त्या दिवसापासून माझा साचेवाला हळूहळू कॉटकडे सरकला. आधी बाबा एखादं वाक्य टाकत. हा असं म्हणणार नाही. हा आधी बिडी मागेल. दोनतीन रविवारांत अशी पाळी आली की फासे माझ्या हातात आणि माणूस त्यांच्याकडे. गिरगावकर म्हणाला, "बाबा, तुम्हीच घ्या ना." नियम असा की आपल्या माणसाबद्दल बोलताना 'मी' म्हणायचं: मी गेटवर जातो, मी दार उघडतो. बाबा 'मी' म्हणायला तयार नव्हते. शेवटपर्यंत ते 'हा'च म्हणत राहिले. गिरगावकराने तेवढं सोडून दिलं. त्याच्या कामाला खेळात मास्टर म्हणतात हे कळल्यावर बाबा त्याला मास्तर म्हणायला लागले. गिरणीत खात्याच्या साहेबाला मास्तर म्हणत, आणि बाबांच्या आवाजात तोच जुना आदर होता, म्हणजे फारसा नव्हता.

मग तो पोह्यांचा रविवार. गोष्टीतला संप आता लांबला होता. गिरगावकराला आमच्या घरातलं काही माहीत नव्हतं. मी लिहिलेला एक शब्द त्याने उचलला, इतकंच.

"संध्याकाळची वेळ. धाकटा भाऊ दारात उभा आहे. म्हणतो, दादा, उद्या मी आत जातोय. तू पण चल. दोघं असलो तर कोणी काही बोलणार नाही." त्याने बाबांकडे पाहिलं. "काय करता?"

आई मोरीजवळ भांडी पुसत होती. बाबांनी एक शेंगदाणा चावून खाल्ला.

"हा जातो."

"कुठे?"

"आत. भावाबरोबर."

"बाबा, हा जाणार नाही," मी म्हटलं.

"का?"

"मी लिहिलाय त्याला."

"लिहिलास तू. झोपतो माझ्या खोलीत."

"हजारो माणसं बाहेर उभी आहेत आणि हा आत जाणार?"

"हजारो आहेत ना? मग एकाने काय होतंय. जाऊ दे त्याला."

आत जाणारा प्रत्येकजण हेच म्हणत असे. त्याला उत्तर म्हणून मी एक अख्खं पत्रक लिहिलं होतं, आणि ते त्या क्षणी बाबांच्याच शर्टाच्या खिशात असण्याची शक्यता होती.

"तुम्ही गेला असतात?" मी विचारलं.

"मी गेलो का? नाही गेलो. सगळ्या चाळीला माहीत आहे." त्यांनी बशीतला पुढचा घास घेतला. "हा जातो."

"माझी कोळीण गेटवर आहे," मैत्रीण म्हणाली. तिला आमच्या घरातलं थोडं माहीत होतं, म्हणून ती जरा हळू बोलली. "टोपली घेऊन आडवी येऊ?"

"ये. याचं लक्ष नाहीये तुझ्याकडे."

गेट ओलांडायला फासा टाकायचा होता. तो मी टाकला. वाईट पडावा म्हणून टाकला. चांगला पडला.

"आत आलात," गिरगावकर म्हणाला. "गेट मागे बंद झालं. साचाखात्यात धूळ आहे, अंधार आहे. सगळीकडे सूत लोंबतंय, साच्यांचा प्रचंड आवाज..."

"थांब मास्तर. किती साचे चालू आहेत?"

"पुष्कळ."

"माणसं बाहेर आहेत ना? मग पुष्कळ कसे?"

"मग थोडे."

"थोडे म्हणजे? शेजारच्याचं बोलणं ऐकू येतं का?"

गिरगावकराने फासे गोळा केले. "बाबा, ते तुम्हीच सांगा. तुम्हाला माहीत असेल."

"मला कसं माहीत असणार?" बाबा म्हणाले. "मी आत गेलोच नाही."

खालून मंडळाच्या पोरांचं ढोल बांधणं ऐकू येत होतं. बाबांनी बशी उचलली.

"इथंच ठेव त्याला. आत उभा राहू दे. मी विचारून सांगतो."

कोणाला, हे कोणी विचारलं नाही. आईने बशी त्यांच्या हातातून घेतली.

मी दोन दिवस बाबांशी बोलले नाही. त्यांनी ते मनावर घेतलं नाही. न बोलण्याच्या कामात ते माझे गुरू होते. त्याच आठवड्यात आम्ही परळला एका टॉवरच्या दारात पत्रकं वाटली. आत उपाहारगृह होतं, आणि शोभेला म्हणून एक जुना साचा, आडवा धागा नेणाऱ्या धोट्यासकट, पॉलिश करून काचेच्या पेटीत ठेवला होता. त्याच्या बाजूला लोक थंड कॉफी पीत होते. सुरक्षारक्षकाने आम्हाला फुटपाथवर काढलं. एरवी मी तिथे आवाज चढवला असता. त्या दिवशी मी त्या साच्याकडे बघत विचार करत राहिले की हा एकटाच चालू असता तर किती आवाज आला असता. मग स्वतःवरच चिडले आणि उरलेली पत्रकं वाटली.

गणपतीला आम्ही गावी गेलो. काका आधीच आलेले होते. पाट मांडला गेला, आरत्या झाल्या, समईचं तेल माझ्या तोंडून मागितलं गेलं आणि माझ्या तोंडून मिळालं. सगळं दरवर्षीसारखं. बाबांनी काही विचारलं नाही. मला वाटलं, विसरले. आणि हायसं वाटलं, हेही लिहून टाकते. साचेवाला आत उभा राहून राहून आपोआप मिटला असता तर मला चाललं असतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणं झाल्यावर दोघं पडवीत आपापल्या जागी बसले होते. मी चहाचे दोन कप घेऊन आले. बाबांच्या पुढे एक ठेवला, काकांच्या पुढे एक. 'काकांना सांग' ऐकायला मिळेल म्हणून मी सवयीने दाराशी थांबले.

"एक साचेवालो होतो," बाबा म्हणाले. माझ्याकडे बघून नाही. अंगणाकडे बघून. गावात आले की ते मालवणीवर येत. "त्येचो धाकटो भाव म्हणालो, दादा, चल, दोघा आत जाऊया. तो गेलो."

काकांनी मान वर केली. मुंबईत इतकी वर्षं काढून त्यांचं बोलणंही गावात तसंच होई.

"गेलो?" तेही अंगणालाच म्हणाले.

"गेलो. ह्या पोरांचो एक खेळ आसा, त्येच्यात."

"मगे?"

"मगे काय नाय. आत उभो आसा. पुढचा कोणाक म्हायत नाय." बाबांनी कप हातात घेतला. "किती साचे चालू होते, ता सांगाक होया."

समोर अंगणात निरफणसाचं पान पडलं होतं, ते काकांनी पायाने सरळ केलं.

"बोटार मोजण्याइतके."

"आवाज?"

"आवाज खय? सगळा बोललेला ऐकाक येय. त्या धाकट्या भावाक सवय. तो नुसते ओठ हलवी. लोक हसत त्येका."

बाबांनी मान हलवली. आतल्या खोलीत आईचा आवाज थांबला होता.

"समोरचो साचो?"

"बंद."

"कोण लावलो त्येच्यार?"

"मास्तर एक नवो माणूस घेवन इलो. भावान सांगल्यान, ह्यो साचो माझ्या दादाचो, तो येतलो."

"मगे?"

"मगे काय. मास्तरान ऐकल्यान नाय. लावल्यान त्येका."

बाबांनी चहाचा घोट घेतला.

"माणूस बरो होतो?"

"धागो तोडी," काका म्हणाले. "सारखो."

"तुटतलोच. त्या साच्याचो धोटो पयल्यापासून वाकडो."

"ता त्येका कोण सांगतलो?"

एवढंच झालं. गळाभेट वगैरे काही नाही. मीही बदलले नाही. आत जाणाऱ्याला मी आजही फितूरच म्हणते, आणि त्या पत्रकाची पुन्हा छपाई झाली तेव्हा तो शब्द मी काढला नाही. काकांनी ते वाचलं असतं तर त्यांनीही काढायला सांगितलं नसतं, असं मला वाटतं. दिवाळीनंतर खेळ पुन्हा सुरू झाला आणि गिरगावकराने आतल्या खात्यात आवाज कमी केला. मी नवीन माणूस घेतला. त्याला आधी झोपायला जागा दिली, मग बाकीचं लिहिलं.

पण त्या दुपारी मी दाराशी उभी होते. काकांचा कप तसाच भरलेला होता, वर साय धरायला लागली होती. बाबांनी तो बघितला. मी पुढे झाले, 'काकांना सांग' येणार म्हणून.

"च्या निवता," बाबा खांबापलीकडे म्हणाले. "घे."

काकांनी कप उचलला. मला कोणी काही सांगायला सांगितलं नाही, म्हणून मी आत गेले.